रेवस–रेडी पायी : उटंबरचा खडक सुटला एकदाचा

रेवस ते रेडी हा कोकण किनारा आम्ही टप्प्याटप्प्याने, सलग पायी चालतोय; त्यातला केळशी ते हर्णै टप्पा झाला. आणि डोंगरावरच्या डांबरी रस्त्याने नाही, उटंबर डोंगराच्या खालून, पाण्याच्या कडेकडेने. या खडकाने आम्हाला किती झुलवलंय ते जुन्या नोंदी वाचणाऱ्यांना सांगायला नको.

अडचण पुन्हा मांडतो, कारण पुढे ती प्रत्येकाला भेटणार आहे. आपण पुण्याचे, शनिवार-रविवारचे भटके. स्वारगेटहून रात्रीची दापोली एसटी, तिथून सकाळची केळशीची गाडी, चहा-नाष्टा, की वाळूला पाय लागेपर्यंत ऊन चढलेलं. म्हणून ओहोटी दुपारची हवी असं धरून आम्ही कॅलेंडरात अष्टमीचे शनिवार शोधायचो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोळ्यांचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. हिशेब चोख, पण अष्टमीला असतो भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. पाणी हटतं ते नावापुरतं. खडकाची वरची पायरी उघडी पडते, डोंगराच्या नाकापाशी मात्र लाटा थेट कड्यावर आपटत राहतात.

मग उधाणाला, म्हणजे पाणी सर्वात जास्त चढतं-उतरतं तेव्हा जा? तिथंच तर मेख आहे. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-सव्वाअकराला भरती, म्हणजे ओहोटी पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला. भरतीची वेळही चंद्रावर आणि उधाण-भांगही चंद्रावरच, त्यामुळे एका किनाऱ्यावर खोल ओहोटी दिवसाच्या ठरावीक वेळीच येते. भर दुपारची खोल ओहोटी आपल्या कोकणात नाहीच! वर्षभर कॅलेंडर चाळा, मिळणार नाही. हे डोक्यात शिरलं त्या रात्री मी टप्प्यांचा सगळा तक्ता फाडून टाकला.

वाट दाखवली ती केळशीत जिथे उतरतो त्या घरच्या मावशींनी. "पुनवेच्या दिवशी काय बघता? खरं उधाण मागनं दोन दिवसांनी." बरोबरच आहे. चंद्राची ओढ आणि समुद्राचं उत्तर यात दीड-दोन दिवसांचं अंतर पडतं. तोवर ओहोटीही पुढे सरकलेली असते. वद्य तृतीया : तीनची पाऊणपट सव्वादोन, त्याआधी सव्वासहा तास, म्हणजे सकाळी आठ. खोल पाणी आणि उजेड दोन्ही! किंमत एवढीच, की शुक्रवारी अर्धी रजा टाकून रात्री केळशीत पोचायचं.

मोबाईलमधल्या भरतीच्या वेळांवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. माझं अ‍ॅप जवळचं बंदर म्हणून मुंबई धरतं आणि आपल्याकडे भरती मुंबईच्या आधी येते. पाऊणपट जास्त जवळ जाते. शिवाय वाळूत काठी रोवून पाणी कुठवर येतंय ते बघणं, याच्यासारखं उपकरण नाही.

उजाडताच निघालो. केळशीची वाळू ओली, घट्ट, चालायला सुख. खडकाला लागलो तेव्हा पाणी अजून उतरत होतं. समोर काळ्या कातळाची रुंद पायरी, एरवी पाण्याखाली असणारी, अख्खी उघडी. कालवं काढायला आलेल्या दोघीजणी कोयतीने खडक ठोकत होत्या. त्यातली एक म्हणाली, "हिरव्यावर पाय देऊ नका, काळ्यावर द्या." तेवढा एक नियम पाळला आणि नाक वळलो. पलीकडे आड्याची बाजू दिसली तेव्हा मामेभावाने चक्क आरोळी ठोकली. ज्या कड्याकडे आजवर वरच्या रस्त्यावरून हताशपणे बघायचो, तो आता डोक्यावर होता.

बुटांबद्दल : पाण्यासाठीचे म्हणून विकले जाणारे ते महागडे पातळ बूट घेऊ नका. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, मामेभावाचा तळ पहिल्याच तासात उसवला. माझे साधे जाड रबरी तळाचे, सह्याद्रीत घासलेले बूट भिजले, जड झाले, पण टिकले.

पुढचं झटपट. आड्याची खाडी पुलावरून, पाडल्याची वाळू, मग अंजर्ले. कासवांच्या अंड्यांभोवतीच्या जाळीला वळसा घातला. रविवारी संकष्टी, म्हणून कड्यावरच्या गणपतीला शनिवारीच जाऊन आलो. वरून सुवर्णदुर्ग लख्ख. जोगची खाडी तोवर चांगलीच भरलेली, त्यामुळे पूल. होडीने गेल्यास सलगता तुटते का, हा वाद दाभोळ–धोपावे फेरीपर्यंत पुढे ढकललाय. हर्णैला मासळी-लिलावाच्या गर्दीत टप्पा संपवला.

आता पुढचा बेत. कर्दे ते बुरोंडी पुन्हा वद्य तृतीयेला, असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं : शुद्ध चतुर्दशी! साडेदहाला भरती, पावणेपाचला ओहोटी. मग शुक्रवारची रजा नको, रात्रीची एसटी चालेल, दुपारभर वाळू तुडवून खडकावर चार वाजता. उधाण पुरतं भरलेलं नसेल, पाणी थोडं उथळ उतरेल. शिवाय दक्षिणेकडे भरती-ओहोटीतला फरक घटतच जातो : मुंबईत मोठ्या उधाणाला चार मीटरच्या वर, गोव्यात जेमतेम दोन. म्हणजे रेडीकडे सरकू तशी ही पायरी अरुंद होणार. आणि संध्याकाळी पाणी फिरलं की पाठोपाठ अंधार. चंद्र असेल म्हणा. मामेभाऊ नको म्हणतोय. मी आधी बुरोंडीच्या बाजूने दिवसाउजेडी जाऊन खडक बघून येतो, मग ठरवू.