आजीच्या तेराव्याचा स्वयंपाक

देवगड तालुक्यातल्या एका वाडीत 93 वर्षांच्या आजींचं तेरावं होतं आणि 300 माणसांचं जेवण माझ्याकडे होतं. तेराव्याचा बेत आमच्याकडे ठरलेला असतो: वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, डाळ-भात, भोपळ्याची भाजी, खीर, सोलकढी. कांदा-लसूण नाही. वाडीत कुणाचंही कार्य असो, सामानाचा अंदाज आजवर याच आजी सांगत आल्या होत्या. आता त्यांच्याच कार्याचा अंदाज सांगायला कोण, म्हणून घरात चुळबूळ चालली होती.

मोठ्या सूनबाईंनी मला माजघरातल्या तांदळाच्या पेटीपाशी नेलं. "आचारीकाका, लिहू-वाचूक येत नव्हता त्येंका, पण ह्या बघा." झाकणाच्या आतून गेरूने रेघा मारलेल्या होत्या. उभी मोठी रेघ म्हणजे पायली, आखूड रेघ म्हणजे शेर, टिंब म्हणजे नारळ. प्रत्येक ओळ शंभर पानांची. देशात 1958 पासून किलो आला, पण या पेटीत पायलीच राहिली. त्यांची पायली तोलून पाहिली तर तांदूळ साडेतीन किलो भरला. शंभर पानांना तीन पायल्या, म्हणजे साडेदहा किलो. मीसुद्धा तेवढाच धरतो.

आजींचा नवरा मुंबईला गिरणीत. मनीऑर्डर येईल त्यात चार पोरं, दोन गुरं आणि भातशेती. त्यातून वेळ काढून वाडीची सामाईक भांडी त्यांनी सांभाळली. देवळातला हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड भजन, वाडीवार पहारे, आणि रात्रीच्या पहाऱ्याला चहा-पेज पोचवायचं काम यांच्याकडे. महाशिवरात्रीला कुणकेश्वर चुकवला नाही. पंढरीला कार्तिकीला जायच्या, कारण आषाढीला आमच्याकडे लावणी असते, शेत सोडून जाणार कोण?

सांबाऱ्याला शंभर पानांमागे साडेचार किलो वाटाणे होते, आदल्या दुपारीच भिजत घातले. भिजून फुगत नाहीत ते गणंग, ते हाताने वेचून काढावे लागतात. एकाच्या पानात दोन जरी आले तरी सगळं सांबारं नावाजायचं राहतं. महिना वैशाखाचा. खाडीकडच्या विहिरींचं पाणी या दिवसांत मचूळ होतं, आणि तसल्या जड पाण्यात वाटाणा तीन तास उकळला तरी दाताखाली टणकच लागतो. सूनबाई म्हणाल्या, "सासूबाई वाटाण्याक वरच्या बावडीचाच पाणी घेयत." पोरांना कळशा घेऊन त्या वरच्या विहिरीवर धाडलं. आमसुलं घालायची ती वाटाणा बोटाने दाबून चिरडला की मगच. आंबट आधी पडलं की साल घट्ट धरते आणि पुढे कितीही जाळ केला तरी उपयोग नाही. वाटपाला शंभरामागे बारा नारळ, धणे, मिरी, लवंग, सुकी मिरची. खोबरं मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचं. कांदा नसतो, म्हणून भाजणं जमलं नाही तर सांबारं पाणचट लागतं.

भाताची घाई करणारे फार. एकाच मोठ्या टोपात तीस किलो तांदूळ घातला तर खालचा भात वजनाने मऊ होऊन लगदा होतो, वरचा कच्चा राहतो. सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळाचे दहा-साडेदहा किलोचे तीन टोप लावले, चुलीच्या चरात वाऱ्याच्या बाजूला जाळ कमी ठेवला. वड्यांचं पीठ जाडसर, चार भाग तांदूळ आणि एक भाग उडीद, धणे-मेथी घालून. कोमट पाण्यात मळून तीन तास पुरे. उन्हाळ्यात त्याहून जास्त ठेवलं की पीठ आंबतं आणि वडा तेल पितो. किलोचे 35 वडे धरले, पानाला चार, म्हणजे पीठ 35 किलोच्या आत-बाहेर. खिरीत गूळ आणि नारळाचा दाट रस टोप खाली उतरल्यावर घातला, उकळत्यात घातला तर फुटतो. सोलकढी शेवटी, स्टीलच्या पिंपात, पंगत बसायच्या तासभर आधी. आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, आणि नारळाचा रस एकत्र झाल्यावर आच लागली की संपलं.

झाकणावर एक गोष्ट मात्र मला उलगडेना. प्रत्येक ओळीखाली एक गोल काढलेला, त्यात अर्धी रेघ. सूनबाईंनी सांगितलं, ती अधोली, म्हणजे अर्धी पायली, शेवटच्या पंगतीची. दर शंभरामागे अधोलीभर तांदूळ आणि त्या बेताने बाकीचं सगळं शिजल्याबरोबर वेगळं काढून झाकून ठेवायचं. ही पंगत पाणी भरणाऱ्यांची, भांडी घासणाऱ्यांची, वाढप्यांची, पहाटे उठून पीठ मळणाऱ्या बायकांची. चाकरमानी आणि पाहुणे दोनदा मागून घेतात, आणि राबणाऱ्यांच्या पानात खालचा भात आणि पातळ सांबारं येतं, हे मी सगळीकडे पाहतो. आमच्या धंद्यात याला कुणी चूक म्हणत नाही. आजी म्हणत.

तीन टोपांतून मिळून तीन अधोल्यांच्या अंदाजाचा भात आधी काढला, खीर-सांबाऱ्याचीही पातेली बाजूला ठेवली. दुपारी दोनला वाढपी टोप खरवडत माझ्याकडे आला, पाहुण्यांची एक पंगत अजून बसायची होती. झाकलेल्यातलं दिलं नाही. एक भाताचा टोप नव्याने चढवला, अर्ध्या तासात उतरला. तोवर पाहुण्यांना वडे आणि सोलकढी. एक-दोघांनी नाकं मुरडली, मुरडू देत. पावणेचारला बायका बसल्या, तेव्हा त्यांच्या पानात पहिल्या पंगतीचंच सांबारं होतं, तेवढंच दाट.

संध्याकाळी भांडी मोजली. पितळी तपेल्यांपैकी दोन आतून पिवळी दिसायला लागली होती, म्हणजे कल्हई गेलेली. तसल्यात आमसुलाचं काही ठेवलं की कळकतं, म्हणून ती वेगळी बांधून कल्हईवाल्याकडे पाठवायला सांगितली. पेटीचं झाकण सूनबाईंच्या मुलीने मोबाईलवर टिपून घेतलंय. रेघांचा अर्थ मात्र तिने वहीत लिहावा, नुसत्या फोटोवरून पुढच्याला तो गोल कळायचा नाही.