सगळं जोडलेलं असतंच, मग त्यात संशोधन कसलं?

व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरांत, प्रवासात शेजारच्या सीटवरून, कधी घरच्याच माणसांकडून मला हा प्रश्न येतो. शब्द बदलतात, रोख तोच. ‘डॉक्टर, माणूस, जनावर, शेती, निसर्ग हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यावर तुम्ही वर्षानुवर्षं संशोधन करता म्हणजे नक्की काय करता?’ मी शिकले पशुवैद्यक, काम करते साथरोगशास्त्रात आणि माझ्या हुद्द्यात ‘वन हेल्थ’ (One Health, म्हणजे माणूस, जनावर आणि निसर्ग यांचं आरोग्य एकत्र पाहणं) हे शब्द आहेत. हे शब्द हल्ली इतक्या बॅनरांवर झळकतात की विचारणाऱ्याच्या आवाजातला संशय मला अगदी रास्त वाटतो. म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

‘सगळं जोडलेलं आहे’ या वाक्याचा मला कामात काडीचा उपयोग होत नाही. सगळंच सगळ्याशी जोडलेलं असेल तर हात घालायचा कुठे? मला हवं असतं ते वेगळंच. नेमकं काय कशाला जोडलंय, कोणाकडून कोणाकडे जातंय, किती जोरात, आणि कुठे तोडलं तर थांबेल. ही चार उत्तरं मिळेपर्यंत माझ्या लेखी ते जोडलेलं नाहीच, नुसती शंका आहे.

गिधाडांचं उदाहरण मी नेहमी देते, कारण त्यात शंकेपासून पुराव्यापर्यंतची सगळी वाट दिसते. १९९०च्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडं झपाट्याने कमी होऊ लागली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभु प्रकाश यांनी आधीपासून घरटी मोजून ठेवली होती, त्यामुळे घसरण नुसती जाणवली नाही, आकड्यांत दिसली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. पक्षी माना टाकून झाडांवर बसलेले आणि मग खाली पडलेले सापडत. अंगावर जखम नाही, पोटात अन्न. पहिला संशय विषाणूवर गेला आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या प्रदेशात एकाच जातकुळीचे पक्षी मरत असतील तर मीही आधी संसर्गच शोधला असता.

लिंडसे ओक्स या अमेरिकी पशुवैद्यकांनी पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदनं केली. आत काळजावर, यकृतावर खडूची पूड उधळावी तसा पांढरा थर. तो युरिक ॲसिडचा. मूत्रपिंडं निकामी झाली की पक्ष्यांत असं होतं. मग विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशकं असं एकेक तपासून झालं आणि एकेक बाद झालं. इथपर्यंत कोणतीही बरी प्रयोगशाळा पोचते. पुढचं पाऊल मात्र पक्षितज्ज्ञाला सुचलं नसतं, ते गुरांच्या डॉक्टरलाच सुचायचं. गिधाड खातं काय? मेलेली गुरं. त्या गुरांना मरण्याआधी काय टोचलं होतं? मूत्रपिंडाला बाधणारं आणि पोटातून शोषलं जाणारं असं कोणतं औषध या भागात जनावरांना दिलं जातं, याची चौकशी पशुवैद्यकांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे झाली. नाव निघालं डायक्लोफेनॅक. दुखण्यावरचं साधं, स्वस्त औषध.

मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांच्या शरीरात ते शोधलं, पंचविसांतही सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत शोधलं, एकातही नाही. मला यातला दुसरा आकडा जास्त आवडतो. पहिल्याने फार तर भुवया उंचावतात, दुसऱ्याने तोंड बंद होतं. तरीही तेवढ्यावर न थांबता, जायबंदी असल्याने परत सोडता न येणाऱ्या गिधाडांना हे औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घातलं आणि त्यांतली बरीचशी तशीच मेली. हे २००४ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी ऱ्हिस ग्रीन या पक्षी-संशोधकांनी गणित मांडलं की एवढी घसरण व्हायला शंभरांतल्या एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असलं तरी पुरे. एका मृत जनावरावर कितीतरी पक्षी बसतात, म्हणून. त्यानंतर मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचंच दुसरं औषध गिधाडांना बाधत नाही हे तपासून घेतलं गेलं आणि २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. गुरांची दुखणी काही थांबणार नव्हती, म्हणून पर्यायी औषध हातात असणं महत्त्वाचं होतं. ‘प्रदूषणाने पक्षी मरतात’ असं म्हणत बसलो असतो तर कोणाला काय बंद करायला सांगणार होतो?

माणसांचा भाग यात शेवटी आला. २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या जिल्ह्यांची तुलना केली. काही जिल्हे गिधाडांच्या वस्तीला अनुकूल होते, काही मुळातच नव्हते. जनावरांत डायक्लोफेनॅकचा वापर वाढण्याआधी दोन्हीकडच्या मृत्यूदरांची चाल सारखी होती, नंतर ती फाकली. अनुकूल जिल्ह्यांत मृत्यूदर चार टक्क्यांहून जास्त वाढला आणि २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले असा त्यांचा अंदाज. कारण असं की मृत जनावरं पडून राहिली, भटकी कुत्री आणि रेबीज वाढले, पाणी खराब झालं. माझं मत विचाराल तर या साखळीच्या सगळ्या कड्या सारख्या वजनाच्या नाहीत. औषध ते गिधाड ही कडी हातात घेऊन दाखवता येते. गिधाड ते माणसाचा मृत्यू ही कडी आकडेवारीतून काढलेली आहे. काढली चोख आहे, मी ती मानते, पण दोन्ही एकाच सुरात सांगणाऱ्याला मी तिथेच थांबवते.

आता माझं रोजचं काम. त्यात जंगलं आणि वटवाघळं फार कमी येतात, दोन तक्ते एकमेकांना जुळवणं फार येतं. माणसांच्या तक्त्यात तारीख असते ती रुग्ण दवाखान्यात नोंदला गेल्याची. जनावरांच्या तक्त्यात असते जनावर मेल्याची, किंवा नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची, आणि यातली कोणती हे लिहिलेलं नसतं. माणसांची नोंद प्रशासकीय हद्दीप्रमाणे, पाण्याची नमुना घेतल्या जागेप्रमाणे, पिकावरच्या फवारणीची बहुधा कुठेच नाही. आजारी जनावरं किती ते मिळतं, एकूण जनावरं किती ते विचारलं की फोन दुसऱ्या विभागाकडे जातो. तीन आठवड्यांचा फरक हा खरा फरक आहे की नोंदवहीतला, हे ठरवण्यात माझे महिने जातात. पाहुण्यांना दाखवण्यासारखं यात काही नाही. पण कोण आधी आजारी पडलं हेच कळलं नाही तर पुढची दिशा सांगणार कशाच्या जोरावर?

नेदरलँड्समध्ये काय झालं ते बघा. २००५ पासून तिथल्या दुधासाठी पाळलेल्या शेळ्यांचे मोठ्या प्रमाणावर गर्भपात होत होते. कारण होता क्यू फीव्हरचा जिवाणू. तो वारेत आणि गर्भजलात अफाट संख्येने असतो, वाळून धुळीत टिकतो आणि वाऱ्यावर जातो. २००७ मध्ये आसपासच्या माणसांना ताप आणि न्यूमोनिया होऊ लागला. २०१०पर्यंत चार हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. २००९च्या अखेरीस बाधित गोठ्यांतल्या गाभण शेळ्या मारायचा निर्णय झाला आणि पन्नास हजारांहून जास्त शेळ्या गेल्या. शेळ्या शेती खात्याच्या, माणसं आरोग्य खात्याची. पावलं उशिरा पडली असा ठपका नंतर चौकशी समितीने ठेवला. एवढ्या श्रीमंत, शिस्तीच्या देशात हे झालं, म्हणून मी ते आवर्जून सांगते.

दिशेबद्दल बोलले, तर तीही नेहमी आपल्याला वाटते तशी नसते. डुकरांत आढळणारा सीसी३९८ नावाचा एक स्टॅफिलोकोकस जिवाणू आहे, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा. सगळ्यांचा समज, जनावरांकडून माणसाला आला. २०१२ मध्ये १९ देशांतल्या ८९ नमुन्यांचे जनुकसंच ताडून पाहिले तेव्हा दिसलं की तो मुळात माणसाचाच, औषधांनी मरणारा जिवाणू होता. तो जनावरांत गेला, तिथे मेथिसिलिन आणि टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण उचलला आणि मग परत आपल्याकडे आला. म्हणजे आहेर आपण केला होता, परतफेड झाली.

शेतीकडून येणारा धागा याहून चोरटा असतो. ॲस्परजिलस ही बुरशी फुप्फुसाला धरते आणि तिच्यावर ॲझोल गटातली औषधं देतात. डॉक्टरांना असे रुग्ण दिसू लागले ज्यांनी आयुष्यात कधी ॲझोल घेतलं नव्हतं, तरी त्यांची बुरशी त्या औषधाला बधत नव्हती. माणसाच्या शरीरात औषधच गेलं नाही तर ती बुरशी तयार कुठे झाली? पिकांवर फवारायची काही बुरशीनाशकं त्याच ॲझोल गटातली. तोच जनुकीय बदल मातीत, कंपोस्टमध्ये, फुलांच्या कंदांच्या कचऱ्यात सापडला. शेतकऱ्याने काही वावगं केलं नव्हतं, त्याला मिळालेल्या शिफारशीप्रमाणेच फवारलं होतं. या प्रकरणात मला शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांची चीड येते. एकाच गटातली रसायनं शेत आणि दवाखाना अशा दोन दारांतून आत सोडताना एका टेबलावर बसायला हवं होतं ते त्यांना परवानगी देणाऱ्यांनी.

आणि दुवा पक्का सापडला म्हणजे उपायही सापडला, असंही नाही. ब्रिटनमध्ये गाईंना होणारा क्षय बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यात असतो आणि दोघांत देवाणघेवाण होते. मग बॅजर मारा, इतकं सोपं वाटतं ना? १९९८ मध्ये तिथे चिठ्ठ्या टाकून प्रदेश वाटले. काही ठिकाणी बॅजर सरसकट मारायचे, काही ठिकाणी गाई आजारी सापडल्या तरच आसपासचे मारायचे, काही ठिकाणी हात लावायचा नाही. सरसकट मारले तिथे आत क्षय कमी झाला, पण त्या प्रदेशाच्या कडेला वाढला. आजार दिसल्यावर मारायची पद्धत तर २००३ मध्येच थांबवावी लागली, कारण तिथे गाईंतला क्षय वाढलेला दिसत होता. कळप विस्कटले की उरलेले बॅजर जास्त लांब फिरतात. असा प्रयोग करायला वर्षं लागतात, पैसा लागतो आणि निकाल कोणालाच आवडत नाही. तो केला नसता तर निम्मे लोक अजून शपथेवर सांगत असते की मारल्याने थांबतं, आणि उरलेले निम्मे की बॅजरचा संबंधच नाही.

या प्रश्नाला हमखास एक शेपूट असतं. ‘मग पुढची साथ तुम्ही आधी सांगाल का?’ पुढचा नवा विषाणू कुठून येईल ते सांगता येतं असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण ओळखीच्या आजाराचं जमतं. रिफ्ट व्हॅली ताप पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टीनंतर येतो, कारण साचलेल्या पाण्यात डासांची अंडी फुटतात आणि ती अंडी विषाणू बाळगून असतात. आधी मेंढ्या-गुरं गाभडतात, मग माणसं आजारी पडतात. समुद्राचं तापमान आणि उपग्रहातून दिसणारी हिरवळ यावरून २००६ मध्ये असाफ अन्यांबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉर्न ऑफ आफ्रिकेसाठी, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या टोकासाठी, इशारा दिला. तो खरा ठरला. इशारा आणि पहिले रुग्ण यांत दोन ते सहा आठवड्यांचं अंतर होतं. जनावरांची लस मागवून, पोचवून, टोचून अंगी लागायला त्याहून जास्त वेळ जातो. आणि साथ सुरू झाल्यावर टोचायला निघालात तर एकाच सुईने विषाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेण्याचा धोका, म्हणून तेव्हा मोहीम टाळायला सांगतात. म्हणजे हवामानाचा भाग सुटला होता, विषाणूचा सुटला होता, अडलं ते लसीच्या साठ्यावर आणि तो आधीच भरून ठेवायचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा, यावर.