डब्ल्यूजी मालगाडी इंजिन, 1:87: चॅसिस चालू लागली, आता वाल्व गिअर

मंडळी, डब्ल्यूजी या आपल्या ब्रॉडगेजवरच्या वाफेच्या इंजिनाचं 1:87 मापाचं मॉडेल करतोय, त्याची चॅसिस (चाकांचा सांगाडा) फिरू लागली. आठही चालक चाकं, दोन्ही बाजूंचे कपलिंग रॉड (चाकं एकमेकांना जोडणारे दांडे), मोटर आणि गिअरबॉक्स बसवून पुढे-मागे चालवून पाहिलं. अगदी सावकाश वेगातही कुठे अडखळत नाही. पितळी पत्र्याच्या फ्रेम आधी जोडीनं डाख देऊन एकत्र कापल्या, भोकं एकत्रच पाडली आणि मग त्या सुट्या केल्या. त्यामुळे दोन्ही बाजूंचे ॲक्सल समोरासमोर येतात आणि पुढचा निम्मा त्रास वाचतो.

नव्यानं भारतीय इंजिन करू पाहणाऱ्यांसाठी गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, थोडं. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, म्हणजे 1:87 मध्ये साधारण 19.2 मिमी. बाजारात मिळणारे एचओचे, म्हणजे 1:87 मॉडेलांचे, रूळ 16.5 मिमीचे असतात. ते युरोप-अमेरिकेच्या 1435 मिमी गेजचं माप. त्यांवर डब्ल्यूजी उभं केलं की बाजूनं ठीक दिसतं, पण समोरून पाहिल्यावर चाकं पोटाखाली दबलेली वाटतात. आपल्या इंजिनांचा भारदस्तपणा समोरूनच कळतो, म्हणून मी तडजोड केली नाही. लांब ॲक्सल करून घेतले आणि कॉपरक्लॅड पट्टीच्या स्लीपरवर 19.2 मिमीचे रूळ स्वतः डाख देऊन जोडले. 1:76 वाल्यांचं गणित आणखी सोपं आहे, त्यांना गेज जवळजवळ बरोबर 22 मिमी मिळतो.

चाकांचा प्रत्यक्ष व्यास 1562 मिमी, तो मॉडेलमध्ये 18 मिमी होतो. पिस्टनचा स्ट्रोक 711 मिमी, म्हणून क्रँकपिन (चाकावरची रॉडची खुंटी) केंद्रापासून 4.1 मिमीवर. दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी काटकोनात ठेवायचे. एका बाजूचा पिस्टन टोकाला पोचून निकामी असतो, तेव्हा दुसऱ्या बाजूचा जोरात ढकलत असतो. खऱ्या इंजिनाला कुठूनही हलता येतं ते यामुळेच. मॉडेलमध्ये ओढण्याचं काम मोटर करते, तरी हा कोन चारही ॲक्सलवर तंतोतंत सारखा हवा, नाहीतर रॉड अडकतात. मी लाकडी ठोकळ्यात खाच पाडून साचा केला आणि चारही जोड्या त्यातूनच काढल्या. कपलिंग रॉड एकसंध न ठेवता सांधे देऊन केले आहेत, खऱ्या इंजिनात असतात तसे, म्हणजे प्रत्येक ॲक्सलला थोडं वर-खाली होता येतं.

डब्ल्यूजीच का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. सगळ्यांना डब्ल्यूपी, म्हणजे प्रवासी गाड्यांचं इंजिन, हवं असतं, कारण त्याचं निमुळतं नाक आणि मेल गाड्यांचा मान. पण दोघांचा बॉयलर एकाच जातीचा, दर चौरस इंचाला 210 पौंड दाबाचा. डब्ल्यूपीला मोठी चाकं आणि बारीक सिलिंडर, डब्ल्यूजीला लहान चाकं आणि जाड सिलिंडर. एवढ्या बदलानं डब्ल्यूपीची साधारण 13.9 टनांची ओढ डब्ल्यूजीत 17.6 टनांवर जाते. मागची दोन लहान चाकं रुंद फायरबॉक्सचा भार घेतात. आपल्या कोळशात राख भरपूर, तो जाळायला जाळी प्रशस्त लागते, आणि ती चालक चाकांच्या मध्ये मावत नाही. या इंजिनाचा सगळा आकार आपल्या कोळशानं आणि आपल्या वाघिणींच्या वजनानं ठरवलेला आहे. मला ते फार सुंदर वाटतं.

1950 ते 1970 या काळात अशी 2450 इंजिनं बनली. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीनं सुरुवातीची बांधली. त्यातलं 8350 क्रमांकाचं 1951 च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये लंडनला मांडलं होतं. चित्तरंजन कारखान्यातून 1 नोव्हेंबर 1950 ला निघालेलं पहिलं इंजिन 8401, ‘देशबंधु’. शेवटचं 10560, ‘अंतिम सितारा’, जून 1970 चं. मधल्या काळात त्याच कारखान्यानं विजेची इंजिनंही बांधायला घेतली, आणि त्यातलं पहिलं, 1961 चं, ‘लोकमान्य’ या नावानं आपल्या मुंबई-पुण्याच्या डीसी विजेसाठी निघालं. वाफेची आणि विजेची इंजिनं काही वर्षं एकाच कारखान्यात घडत होती. 1995 च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरची नियमित वाफ थांबली. म्हणजे ‘अंतिम सितारा’च्या पिढीतल्या इंजिनांना फार तर पंचवीसेक वर्षंच मिळाली. बॉयलर नीट सांभाळला तर याहून कितीतरी जास्त चालतात.

बारीक मापं मी चौथऱ्यावर ठेवलेल्या एका डब्ल्यूजीवरून घेतली. रीतसर परवानगी काढून, टेप आणि कॅलिपर घेऊन. अशा इंजिनांची अवस्था बघून जीव कळवळतो. प्रेशर गेज, पाण्याच्या काचा, शिट्टी, इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा), जे जे पितळ-तांब्याचं ते ते गेलेलं. रॉडला चंदेरी रंग, चाकांना लाल-पांढरे पट्टे. वरचा रंग दर वर्षी नवा, पण स्मोकबॉक्सच्या (चिमणीखालच्या धुराच्या कप्प्याच्या) तळाशी राख तशीच पडलेली. ओली राख आम्ल बनून पत्रा खाते. बॉयलरवरच्या आवरणात झिरपलेलं पाणी आतल्या आत तेच करतं. राख पूर्ण उपसणं, चिमणीवर झाकण टाकणं आणि खाली पाणी निघायला वाट ठेवणं, एवढ्या तीन गोष्टी केल्या तरी चौथऱ्यावरचं इंजिन कितीतरी वर्षं जास्त टिकेल. रंगाच्या डब्यापेक्षा हा खर्च कमी आहे.

चालू स्थितीतलं जतन ही वेगळीच तपश्चर्या. हरियाणातल्या 1893 च्या रेवाडी शेडमध्ये ती चालते. तिथलं डब्ल्यूपी ‘अकबर’ सगळ्यांना ठाऊक असतं, पण माझं मन महायुद्धाच्या काळात अमेरिकेहून आलेल्या मालगाडीच्या ‘विराट’वर जडलं आहे. कष्टकरी इंजिनांनाही वाफ मिळाली पाहिजे, हा माझा आग्रह जुनाच आहे.

म्हणून माझं मॉडेल चौथऱ्यावरचं नाही, कामावरचं असेल. दौंड शेड, सत्तरीच्या दशकाचा शेवट. रॉड तेलकट करडे. रंग निव्वळ काळा नको, त्यात थोडा तपकिरी मिसळणार. सेफ्टी वाल्व आणि इंजेक्टरच्या नळीखाली पांढरे ओघळ, कारण दख्खनचं पाणी जड आणि उकळून त्याचा क्षार बसतो. टेंडरमध्ये खरा कोळसा कुटून, चाळून भरणार. प्लॅस्टिकचा कोळसा फार चकचकतो. बफरच्या पट्टीवर व्हॅक्यूम ब्रेकचा होज हवाच. क्रमांक मापं घेतलेल्या त्या इंजिनाचाच देणार.

आता वाल्शार्ट्स वाल्व गिअर, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची ते ठरवणारी दांड्यांची यंत्रणा. तिच्यातला एक्स्पान्शन लिंक हा वक्र भाग 0.5 मिमी निकेल सिल्व्हरमधून कापायला घेतला आहे. रिव्हर्सिंग रॉड (इंजिनाची दिशा बदलणारा दांडा) ड्रायव्हरच्या बाजूनं कॅबमध्ये शिरतो तिथले जवळून काढलेले जुने फोटो कुणाकडे असतील तर जरूर दाखवा. चौथऱ्यावरच्या इंजिनात तो भाग कापून टाकलेला आहे.