आमची वाटचाल: आधी माउंट, मग दुर्बीण

पुण्यात आम्ही दुर्बिणींचे दुकान सुरू केले तेव्हा ग्राहकाचा पहिला प्रश्न ‘हिची पॉवर किती?’ असा असे आणि आम्हीही सर्वांत मोठी नळी पुढे करीत असू. सहा इंची आरशाची न्यूटोनियन दुर्बीण सर्वाधिक खपत असे. डोळ्याने पाहण्यासाठी ती उत्तम आहे आणि आजही आम्ही ती विकतो. परंतु तिला कॅमेरा जोडू पाहणाऱ्यांची तेव्हा आम्ही निराशाच केली, हे मान्य केले पाहिजे.

एक शिक्षक ती दुर्बीण, स्वतःचा डीएसएलआर आणि आम्हीच दिलेली टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारे कडे) घेऊन वेल्ह्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी सारे सामान घेऊन परत आले. फोकसर, म्हणजे फोकस जुळवणारी सरकती नळी, पूर्ण आत नेला तरी तारे वाटाण्याएवढे दिसत होते. डीएसएलआरचा सेन्सर लेन्सच्या कड्यापासून सुमारे साडेचार सेंटिमीटर आत असतो, टी-रिंगमुळे आणखी सेंटिमीटरभर भर पडते, आणि केवळ पाहण्यासाठी बनवलेल्या नळीतून प्रतिमा तितकी बाहेर येत नाही. बार्लो या जास्तीच्या भिंगाने फोकस मिळाला, पण केंद्रांतर (ते जितके मोठे तितकी प्रतिमा मोठी) दुप्पट झाले आणि मृगातील तेजोमेघाभोवती ताऱ्यांच्या जागी रेघा उमटल्या. ते रागावले नाहीत, त्यामुळे मी अधिकच ओशाळलो.

त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला 15 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतो, म्हणजे तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये चंद्रबिंबाच्या पाव रुंदीइतका. ही गती अचूक भरून काढणारा मोटारचा विषुववृत्तीय माउंट (दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक) नसेल, तर नळी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. तेव्हापासून अंदाजपत्रकाचा निम्म्याहून अधिक भाग आम्ही माउंटसाठी राखायला सांगतो, आणि त्याच्या कमाल वहनक्षमतेच्या निम्माच भार चढवायला सांगतो. पसंतीआधी नळीला हलकी टिचकी मारून तारा किती वेळ थरथरतो ते पाहावे.

त्यावर 80 मिलिमीटरची, 480 मिलिमीटर केंद्रांतराची ईडी (रंगदोष कमी करणाऱ्या काचेच्या) भिंगाची लहान दुर्बीण आणि वापरलेला डीएसएलआर एवढे नवशिक्याला पुरे आहे. या जोडीने एपीएस-सी (बहुतेक डीएसएलआरमध्ये असणाऱ्या आकाराच्या) सेन्सरवर सुमारे पावणेतीन अंश रुंदीचे आकाश येते. त्यात कृत्तिका ऐसपैस बसतात. पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असल्याने माउंटचा अक्ष त्याच्या दिशेने जुळवण्यासाठी उत्तरेकडे मोकळी जागा मात्र हवी. अनेकांच्या गच्चीवरून नेमकी तीच बाजू झाकलेली असते.

21 डिसेंबर 2020 च्या गुरू-शनी युतीनंतर मागणी वाढली आणि बहुतेकांना ग्रहच टिपायचे होते. त्यांना आम्ही वेगळे सांगतो: ग्रहांसाठी मोठे केंद्रांतर आणि छोटा व्हिडिओ कॅमेरा घ्यावा, हजारो फ्रेम टिपून त्यांतल्या स्पष्ट तेवढ्याच स्टॅक कराव्यात, म्हणजे एकावर एक रचून एकच चित्र करावे. एकच संच तेजोमेघ आणि ग्रह ही दोन्ही कामे उत्तम करील, असे आम्ही आता कोणालाही सांगत नाही, मग ती विक्री हातची गेली तरी चालेल.

पावसाळ्यात दुकानात दुरुस्तीचेच काम अधिक असते. भिंगांवर बुरशी धरलेल्या दुर्बिणी येतात, म्हणून हल्ली प्रत्येक विक्रीसोबत हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आम्ही आमच्याकडूनच देतो.