माझा अनुभव : खाऱ्या हवेत कुजलेले ट्रॅक्टरचे मडगार्ड पुन्हा उभे केले

आमचं गाव मालवणच्या वर, आचऱ्याच्या बाजूला. घरात आजोबांच्या वेळचा लाल इंटरनॅशनल बी-२७५ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ मध्ये जी ट्रॅक्टरची कंपनी काढली त्या काळातलं हे मॉडेल. इंजिन आजपण ठणठणीत आहे, जुलैत चिखलणी करतो आणि पाऊस गेला की ट्रॉली लावून चिरे ओढतो. पण मागच्या चाकांवरचे दोन्ही मडगार्ड इतके कुजले होते की उजव्या बाजूला बोट घातलं तर आरपार जात होतं आणि आमच्याकडे बसणारा माणूस मडगार्डला धरूनच चढतो उतरतो, त्यामुळे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हता.

सगळे म्हणाले नवीन घाल. आमचे तात्या तर सरळ म्हणाले, "काय रवला नाय रे ह्याच्यात, नवो घाल नि मोकळो हो." मी कोल्हापूरला फोंडा घाट चढून जाऊन बघून आलो, बाजारात डुप्लिकेट मिळतात पण हातात घेतल्यावर पत्रा हलका लागला, वर्निअर लावला तर १.२ मिमी, आणि आमच्या जुन्याचा जिथे पत्रा शाबूत होता तिथे गंज घासून मोजला तर अजून १.६ भरत होता. म्हणजे नवीन वस्तू जुन्यापेक्षा कमी जाडीची. खाऱ्या हवेत जाडी म्हणजे आयुष्य, म्हणून दुरुस्तीच करायची ठरवली आणि गावातल्या गेट-ग्रील बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्या अण्णांना सोबत घेतलं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं कशासाठी केलं ते कळेल. घाटावर ट्रॅक्टर गंजतो तो मुख्यतः पावसात, आपल्याकडे तो पाऊस नसतानापण गंजतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण स्वतःच विरघळून पत्र्यावर पाण्याचा पातळ थर धरतात, आणि आपल्याकडे ७५ टक्के म्हणजे नेहमीचंच झालं. त्यात खाडीकाठच्या शेतातला चिखल. तो मडगार्डच्या आतून चिकटतो, आणि जिथे मुख्य पत्रा आणि आतली मजबुतीची पट्टी एकावर एक असते त्या फटीत जाऊन बसतो. तिथून गंज सुरू होतो, गंजाला मूळ लोखंडापेक्षा खूप जास्त जागा लागते म्हणून तो दोन पत्रे एकमेकांपासून उचलून काढतो, फट अजून मोठी, अजून चिखल. बाहेरचा रंग शेवटपर्यंत बरा दिसतो. म्हणून बाहेरून एक भोक दिसलं तर आत वीतभर पत्रा गेलेला असतो हे धरूनच चाला.

काढतानाचा त्रास वेगळाच. सुटे करायच्या आधी दोन्ही बाजूंचे मोबाइलवर भरपूर फोटो काढले, मागच्या दिव्याची वायर कुठून जाते, कुठल्या बोल्टखाली किती वायसर आहेत, सगळं. मडगार्डचे पत्र्यातले बोल्ट तुटले तरी चालतात, ते मी सरळ ग्राइंडरने कापले. पण जे बोल्ट अॅक्सलच्या हाउसिंगमध्ये जातात ते आत तुटले तर मोठं काम होऊन बसतं, त्यांच्यावर आदल्या संध्याकाळपासून गंज सोडवायचं तेल मारत राहिलो, सकाळी आजूबाजूचं तेल स्वच्छ पुसून अण्णांनी गॅसने तापवलं, आणि पाना लावून एका दिशेला जोर न लावता थोडं मागे थोडं पुढे असं करत करत काढले. घाई करू नका एवढंच सांगतो.

मग धुणं. इथे माझं ठाम मत आहे की सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, वेल्डिंग नाही. आमची विहीर खाडीजवळ आहे, उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं, त्या पाण्याने धुऊन काही उपयोग नाही, मीठ धुवायचं आणि मीठच लावायचं. वरच्या वाडीतून गोडं पाणी ड्रमने आणलं. चिखल खरवडला, प्रेशरने धुतलं, वाळवलं, मग ग्राइंडरला लावायच्या तारेच्या कप ब्रशने रंग आणि सुटे पापुद्रे काढले (जुन्या रंगात शिसं असू शकतं, मास्क लावाच आणि ती धूळ लहान पोरांच्या अंगणात उडवू नका), आणि परत धुतलं. परत का, तर गंजाचे बारीक खड्डे असतात त्यांच्या तळाशी मीठ बसलेलं असतं, ते वरचा गंज निघाल्यावरच उघडं पडतं. तसंच रंगवलं तर प्रायमरच्या खालून पुन्हा फोड येतात आणि लोक म्हणतात रंग खराब होता.

छोटे ब्रॅकेट आणि पट्ट्या मी सोड्याच्या पाण्यात करंट देऊन साफ केल्या. प्लास्टिकचा ड्रम, लिटरमागे एक चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह आपल्या वस्तूला आणि पॉझिटिव्ह भंगारातल्या साध्या लोखंडाला, दोन्ही एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज काळा मऊ होतो, ब्रशने निघतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा, पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं, आणि हे उघड्यावर करा कारण हायड्रोजन निघतो, ठिणगी लागली तर पेटतो.

साफ झाल्यावर अण्णा टोकदार हातोडी घेऊन बसले आणि बोटभर अंतरावर टकटक करत गेले. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. जिथे बद्द तिथे खडूची खूण. आमच्या उजव्या मडगार्डचा खालचा मागचा कोपरा, मधल्या पट्टीची पूर्ण लांबी आणि बोल्टच्या भोकांभोवतीची जागा, एवढं सगळं पांढरं झालं. तात्या बघून नुसतेच मान हलवत गेले. पण कापायचं ते खडूच्या खुणेच्याही बोटभर बाहेर, कारण पातळ झालेल्या पत्र्याला वेल्डिंग लागतच नाही, आर्क लावला की भोक मोठं होत जातं. आणि कापताना कोपरे गोल ठेवा, काटकोनात कापलं तर हादऱ्याने तिथूनच चीर जाते.

पत्रा कुडाळवरून आणला. दुकानात १६ गेज सीआर (थंड लाटलेला साधा पत्रा) मागा, म्हणजे १.६ मिमी. ८ बाय ४ ची पूर्ण शीट ३७ किलोच्या आसपास भरते, एवढी लागत नाही, तुकडा वजनावर मिळतो. कोणी जीआय किंवा जीपी (जस्त चढवलेला) पत्रा घे, गंजणार नाही असं सांगेल, वेल्डिंगच्या कामाला तो घेऊ नका, जस्ताचा धूर छातीत जातो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, वेल्डिंगवाल्यांना हे माहीत असतं.

आकार देणं हे मला सगळ्यात आवडलेलं काम. आधी पुठ्ठ्याचा साचा, तो जागेवर धरून बघायचा, मग पत्र्यावर आखायचं. वरच्या पट्ट्याला एकाच बाजूचा बाक आहे तो जाड पाइपवर हाताने दाबून आला. कोपऱ्याला मात्र दोन्ही बाजूंनी बाक, तिथे वाळूची पोती आणि लाकडी मोगरी. मधून ठोकायला सुरुवात करून गोल गोल बाहेर यायचं, हलक्या हाताने, आणि दर थोड्या वेळाने जागेवर लावून बघायचं. अण्णांचा हात या कामात बसलेला आहे, पूर्वी ते एका डेंटरकडे होते. मुरडलेली कड पुन्हा तशीच वळवणं आम्हाला शक्य नव्हतं, म्हणून ६ मिमीचा गोल बार वाकवून कडेला आतून जोडला, ताकद तेवढीच येते आणि हाताला धार लागत नाही.

आता जोड. गावाकडे सर्रास नवीन तुकडा जुन्यावर चढवून वेल्ड करतात, सोपं पडतं, पण दोन पत्र्यांची तीच फट आपण पुन्हा तयार करतो जिच्यामुळे मडगार्ड कुजला. म्हणून तुकडा कडेला कड लावून बसवायचा, म्हणजे कापणी अगदी बिनचूक पाहिजे, त्यात वेळ गेला आणि तो जाऊ द्यावा. वेल्डिंगला सीओटू मशीन (ज्यात वायर आपोआप पुढे येते) असेल तर ०.८ ची वायर वापरा. आमच्याकडे साधी आर्क होती, तर २ मिमीचा ६०१३ नंबरचा रॉड, करंट ५० अँपिअरच्या जवळपास, आणि मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरली, तांब्याला वेल्ड चिकटत नाही आणि उष्णता ओढून घेतं. सलग ओळ मारायची नाही. इंचाइंचावर टाके, एक इथे तर पुढचा लांब तिकडे, हात लावण्याइतकं गार झाल्यावर मधले टाके. सलग मारलं तर पत्रा पापडासारखा वेडावाकडा होतो आणि मग सरळ करता करता नाकी नऊ येतात. पाणी मारून गार करायचं नाही, आपसूक होऊ दे. आतली मजबुतीची पट्टी कडेने पूर्ण बंद वेल्ड केली आणि मडगार्डच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला बोटभर भोक ठेवलं, मूळच्यात ते नव्हतं.

एक विषयांतर. गावात ट्रॉलरवाले बरेच, त्यांच्यातल्या एका मित्राने सांगितलं की बोटीला लावतात तशी जस्ताची वडी ट्रॅक्टरला लाव. बोटीला ती चालते कारण बोट पाण्यात असते, जस्त आणि लोखंड दोघं एकाच पाण्यात बुडलेले असावे लागतात. हवेत उभ्या ट्रॅक्टरला तिचा उपयोग नाही. जस्त रंगातून लावलं तर ते वेगळं.

रंगाची वेळ फार सांभाळावी लागते. घासलेला पत्रा आपल्या हवेत एका रात्रीत लालसर होतो, म्हणून शेवटचं घासणं आणि प्रायमर एकाच दिवशी. रंगवाल्यांचा नियम असा की आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होतं) निदान ३ अंश गरम हवा. आम्ही जानेवारीत केलं, सकाळी दव असतं, म्हणून ऊन चांगलं तापल्यावर सुरू करून दुपार कलायच्या आत संपवलं. नुसत्या रेड ऑक्साइड प्रायमरवर समुद्राजवळ भरवसा ठेवू नका, दोन डब्यांचा (वापरताना एकत्र मिसळायचा) इपॉक्सी प्रायमर घ्या, झिंक फॉस्फेटवाला. खड्डे भरायची लांबी (पुट्टी) इपॉक्सीच्या वर लावायची, उघड्या पत्र्यावर नाही, कारण लांबी ओलावा पिते. जोडांवर सीलर, मग लाल रंग. शेड मिळवायला सीटखालचा एक ब्रॅकेट नेला, तिथला मूळ रंग उन्हाने उडाला नव्हता. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग फवारणार असाल तर कापडी मास्कने भागत नाही, त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुफ्फुसाला फार वाईट, नीट फिल्टरचा मास्क घ्या किंवा ब्रशने लावायचा साधा इनॅमल घ्या. आम्ही इनॅमलच घेतला. आतून चाकाच्या बाजूला बिटुमेनचा जाड थर.

बसवताना स्टेनलेस बोल्ट टाळले, खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेसला लागून असलेलं साधं लोखंड आधी जातं. जस्त चढवलेले बोल्ट ग्रीस लावून घातले. ब्रॅकेटखाली पूर्वी रबराची पट्टी होती, ती पाणी धरून बसते, तिच्या जागी सीलर भरला.

एक पावसाळा पूर्ण झाला त्यावर, चिखलणीसकट. भाताचं काम संपल्यावर दोन्ही मडगार्ड आतून गोड्या पाण्याने धुऊन बॅटरीच्या (टॉर्चच्या) उजेडात बघितले. जोड सगळे कोरडे आणि सपाट आहेत. फक्त उजवीकडच्या एका बोल्टभोवती वायसरने रंग दाबून फाटला होता आणि मोहरीएवढा लाल ठिपका दिसत होता, तो घासून इपॉक्सी लावला आणि आता सगळ्या बोल्टखाली नायलॉनचे वायसर टाकतोय. तात्यांना दाखवलं तर त्यांनी स्वतः हातोडी घेऊन कोपऱ्यावर वाजवून बघितलं आणि विचारलं, सायलेन्सरकडचा बॉनेटचा पत्रा कधी काढतोस.