आधी पावागड, मग मॉरिशस

हनिमूनची चौकशी करायला जोडपं ऑफिसात आलं, की मी आधी त्यांच्या पायांकडे बघतो. लोकांना वाटतं, माणूस लाजाळू आहे. मी बूट बघत असतो. ही सवय मला एका मुलीच्या आईनं लावली, तिची गोष्ट पुढे येतेच.

बडोद्यात दांडिया बाजारात बाबांनी हे ऑफिस टाकलं ते यात्रांसाठी. अष्टविनायक, पंढरपूर, गाणगापूर. बस भाड्याची, आचारी आपला, आणि बस सुटण्याआधी डोकी दोनदा मोजायची, हा बाबांचा नियम. माझं लग्न झालं तेव्हा आमचा हनिमूनही त्यातच उरकला. अंबाजी-अबूची बस निघतच होती, दोन सीट रिकाम्या होत्या. सोबत ४२ यात्रेकरू. अबूच्या ‘नक्की’ नावाच्या तलावात आमच्या बोटीतही दोन काकू होत्या. बायको हा हिशेब अजून काढते.

पुढे लोक तिकिटं मोबाईलवर स्वतःच काढायला लागले आणि आमचं कमिशन आटलं. मी परदेशी हनिमूनकडे वळलो, त्यातही मॉरिशसकडे. आधी व्हिसा काढायची कटकट नाही, मुंबईहून सरळ विमान, घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. शिवाय तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कोकणातून मजुरीला गेलेल्या मराठी माणसांची पुढची पिढी तिथे आहे. एवढं मुलीच्या आजीला सांगितलं की निम्मं बुकिंग झालंच म्हणायचं.

समुद्रकिनारा, बोट, शामारेलची सात रंगांची माती, हे सगळेच विकतात. आपलं काहीतरी वेगळं हवं म्हणून २०१७ मध्ये मी ल मॉर्न डोंगराची चढाई पॅकेजमध्ये घातली. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, थेट समुद्रातून वर आल्यासारखा दिसणारा कातळ. मी फोटोच पाहिले होते. पत्रकात लिहिलं, ‘समुद्रकाठच्या डोंगरावर गाईडसोबत निवांत सकाळ’.

तो ‘निवांत’ शब्द फार महाग पडला.

पहिल्याच मोसमातलं जोडपं. मुलगी नाजूक पट्ट्यांच्या सँडलमध्ये. वाटेतल्या खिंडीपर्यंत कशीबशी पोहोचली आणि तिथून वरचा कातळ बघून बसलीच. नवरोबा म्हणाले, तू थांब, मी वर जाऊन येतो. गाईड एकच, तो त्यांच्याबरोबर गेला. पाण्याची बाटली नवऱ्याच्या पाठपिशवीत. दीड तास ती उन्हात एकटी. तिनं तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

आई दुसऱ्या दिवशी ऑफिसात. “अहो, मुलगी फिरायला पाठवली होती, तुम्ही तिला डोंगरावर राखणीला बसवलीत!” जावयाच्या वाटणीचंही मीच ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही स्वतः चढलाय का तो डोंगर?” मला उत्तर देता येईना. बाबा आतल्या टेबलाशी पेपर वाचत होते, तेव्हा एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी शटर ओढताना म्हणाले, “डोकी न मोजता गाडी सोडायची पद्धत कधीपासून सुरू केलीस?”

जूनमध्ये धंदा थंड असतो आणि तिकडे हिवाळा. मी बायकोला घेऊन गेलो. ती म्हणाली, यात्रेकरू नसतील तर येते.

पहाटे निघालो. पहिला टप्पा खरंच सोपा: रुंद मातीची वाट, दोन्ही बाजूंना झाडी. जसजसं वर जावं तसा समुद्र उलगडतो. प्रवाळाच्या कड्याच्या आत फिकट हिरवा, बाहेर एकदम गडद निळा. खिंडीनंतर मात्र वाट संपते आणि कातळ सुरू होतो. हातापायांनी चढायचं, काही जागी दोर धरायचा. शिखर ५५६ मीटरवर आहे, पण तिथवर कुणी जात नाही. लोखंडी क्रॉस उभा आहे तिथे चढाई थांबते.

मी दुसऱ्या कातळावर अडकलो. वर हात पुरेना, खाली बघवेना. बायको माझ्याही वर होती, तीही थांबली. गाईडनं माझा एकेक पाय धरून खोबणीत ठेवला आणि आम्हाला दोघांनाही खाली खिंडीत आणलं. ती एक शब्द बोलली नाही, पिशवीतला थेपला तेवढा पुढे केला.

तिथं बसूनच गाईडनं डोंगराची गोष्ट सांगितली. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यांत लपून राहायचे. १८३५ मध्ये गुलामी संपली. ती बातमी द्यायला शिपाई वर आले, तर आपल्याला धरायलाच आले असं समजून कित्येकांनी खाली उड्या टाकल्या, असं तिथले लोक सांगतात. २००८ मध्ये युनेस्कोनं या डोंगराला जागतिक वारसा ठरवलं ते त्या लपलेल्या माणसांच्या आठवणीमुळे. आणि मी लिहिलं होतं, निवांत.

परत आलो आणि पत्रक बदललं. आता प्रत्येक जोडप्यामागे दोन गाईड. एकाला परत फिरायचं असेल तर एक गाईड त्याच्यासोबत. खर्च वाढला, दोन-तीन गिऱ्हाइकं त्यावरून गेलीही. आपली लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतरची, म्हणजे नेमका तिथला उन्हाळा. त्यात पाऊस आणि चक्रीवादळाचे महिने. ओल्या कातळावर चढाई नाही म्हणजे नाही. म्हणून चढाईसाठी एकाऐवजी दोन सकाळी मोकळ्या ठेवतो.

आणि निघण्याआधी दोघांनी एका रविवारी बडोद्याजवळचा पावागड डोंगर चढायचा. माचीपासून पायी, रोपवेत बसलात तर मोजणार नाही. उंचीत पावागड ल मॉर्नला भारी आहे, पण पायऱ्या असल्यामुळे दमछाक कळते, भीती कळत नाही. तरी बूट चावतात की नाही एवढं तर समजतं! आमच्या एका गिऱ्हाइकानं युनिव्हर्सिटीत भूगर्भशास्त्र शिकवलंय. ते म्हणाले, दोन्ही डोंगर भाऊबंदच. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला, तीच पुढे मॉरिशस घडवून गेली, असं मानतात. ही गोष्ट मी हल्ली सगळ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी.

२०२० च्या मार्चपासून पुढची दीड वर्षं सांगण्यासारखी नाहीत. भाडं बाबांची एफडी मोडून दिलं. त्यातच २०२० च्या ऑक्टोबरपासून परदेशी पॅकेजवर तेव्हा ५ टक्के टीसीएस आला, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आम्ही गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरायचा आगाऊ कर. तो आयकराच्या विवरणपत्रात वळता होतो हे गिऱ्हाइकाला पटवण्यात चहाचे तीन कप जातात.

मागच्या हिवाळ्यात त्याच बाई पुन्हा आल्या, धाकट्या मुलीच्या बुकिंगला. पिशवीतून नवे कोरे बूट काढून त्यांनी टेबलावर उलटे ठेवले. “तळवे बघा, चालतील ना?”

चालतील म्हटलं.

“आणि तुम्ही? क्रॉसपर्यंत गेलात का शेवटी?”

“नाही. खिंडीच्या वर थोडा, मग परत.”

“बरं,” म्हणाल्या, आणि ॲडव्हान्सचा चेक लिहायला घेतला.