तुम्ही विचारलंत म्हणून: ‘डॉक्टर हू’चे हरवलेले भाग परत मिळतील का?

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका, तिच्यातल्या ‘डॉक्टर’ या नायकाची भूमिका एकामागून एक वेगवेगळे नट करत आले. ती पहिल्यापासून बघायला घेतलेला प्रत्येक जण पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल याच्या पहिल्या वर्षातच अडखळतो. ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा यादीत असते, पण पडद्यावर नसते. मग प्रश्न येतो: बीबीसीसारख्या संस्थेकडून हे भाग हरवलेच कसे, ते परत मिळतील का आणि तोवर काय बघायचं? ‘मिळतील’ किंवा ‘विसरा आता’ असं एका शब्दातलं उत्तर मी देत नाही, कारण ते प्रत्येक भागाला वेगळं आहे. ते काढायची रीत मात्र एकच आहे: त्या भागाच्या प्रती किती निघाल्या आणि कुठे कुठे गेल्या, ते बघायचं.

आधी आकडे. मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. 1969पर्यंत, म्हणजे हार्टनेल आणि पॅट्रिक ट्रॉटन या पहिल्या दोन डॉक्टरांच्या काळात, प्रत्येकी साधारण 25 मिनिटांचे 253 कृष्णधवल भाग झाले. 2013 साली झालेल्या मोठ्या शोधानंतरही त्यातले 97 बेपत्ता उरले: हार्टनेलचे 134पैकी 44 आणि ट्रॉटनचे 119पैकी 53. 1970पासूनचा प्रत्येक भाग निदान कृष्णधवल रूपात तरी आहे, त्यामुळे पुढच्या डॉक्टरांची काळजी नको.

आता प्रतींचा हिशेब. बहुतेक भाग दोन इंची व्हिडिओ टेपवर ध्वनिमुद्रणासह चित्रित होत आणि त्याच टेपवरून प्रसारित होत. टेप महाग होती आणि पुसून परत वापरता येत होती. कलाकार आणि वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणाला मर्यादा होत्या, घरी बघायची कॅसेट तेव्हा नव्हती आणि रंगीत प्रसारण दाराशी आलं होतं. 405 रेषांच्या (टीव्हीचं चित्र ज्या आडव्या रेषांनी बनतं त्या) कृष्णधवल टेपचा उपयोग संपला असं अभियंत्यांना वाटलं, ते त्या काळाच्या हिशेबाने चूक नव्हतं. 1967पासून पुसायला सुरुवात झाली आणि 1974पर्यंत साठच्या दशकातल्या सगळ्या मूळ टेप गेल्या. एक लक्षात घ्या, सगळ्याच भागांच्या मूळ टेप पुसल्या गेल्या आहेत. आज आपण जे बघतो ते जवळजवळ सगळं दुसऱ्याच वस्तूवरून आलेलं आहे.

ती दुसरी वस्तू म्हणजे 16 मिलिमीटर फिल्म. परदेशातल्या वाहिन्यांची टेपयंत्रं आणि रेषांची मानकं वेगवेगळी होती, पण फिल्म दाखवायची सोय सगळ्यांकडे होती. म्हणून एका खास पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून टेपवरचा भाग फिल्मवर उतरवत. याला टेलिरेकॉर्डिंग म्हणतात. या निगेटिव्ह बीबीसीच्या विक्री विभागाकडे, म्हणजे बीबीसी एंटरप्रायझेसकडे असत. विक्रीचे हक्क संपत गेले तसा 1972 ते 1978 या काळात या विभागानेही आपला साठा फेकून दिला. फिल्म लायब्ररीला वाटायचं टेपवरचे कार्यक्रम जपणं आपलं काम नाही, अभियंत्यांना वाटायचं फिल्म तर आहेच आणि एंटरप्रायझेसला वाटायचं मूळ प्रत दुसरीकडे असेलच. अख्खी दुर्घटना या तीन समजुतींच्या फटीत घडली. एका कुणाला खलनायक ठरवणारी चर्चा वाचली की म्हणूनच मला वाईट वाटतं. 1978 साली बीबीसीने सू माल्डेन यांना काय जपायचं ते ठरवण्याच्या कामावर नेमलं आणि त्याच वर्षी इयन लेव्हिन या चाहत्याने एंटरप्रायझेसमधल्या उरलेल्या फिल्म नष्ट होण्याआधी थांबवल्या. डॅलेक हे डॉक्टरचे प्रसिद्ध शत्रू पहिल्यांदा दिसतात ती कथा आज आपल्याकडे आहे ती त्यामुळे.

पण फिल्मच्या प्रती तोवर जगभर गेलेल्या होत्या. एका देशात दाखवून झालं की तीच प्रत पुढच्या देशाला पाठवायची, परत करायची किंवा नष्ट करून तसं लेखी कळवायचं, असा रिवाज होता. शोध घ्यायचा तो या साखळीच्या शेवटच्या कडीवर. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’चे चारही भाग 1991च्या अखेरीस हाँगकाँगहून आले. 2013 साली हरवलेल्या फिल्मचा शोध घेणाऱ्या फिलिप मॉरिस यांनी नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका प्रक्षेपण केंद्रातून अकरा फिल्म मिळवल्या, त्यातले नऊ भाग तोवर हरवलेले होते: ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’चे पाच आणि ‘द वेब ऑफ फिअर’चे चार. जोस सुमारे 1200 मीटर उंचीवर आहे आणि हवा तुलनेने थंड आहे, अशा हवेत फिल्म जास्त टिकते. ‘वेब ऑफ फिअर’चा तिसरा भाग मात्र मधल्या काळात तिथून नाहीसा झाला, असं मॉरिस सांगतात.

दुसरा मार्ग खासगी संग्राहकांचा. ‘द डॅलेक्स मास्टर प्लॅन’चे पाचवा आणि दहावा हे भाग 1983 साली लंडनमधल्या एका मॉर्मन चर्चच्या तळघरात सापडले. दुसरा भाग 2004 साली बीबीसीच्या एका माजी अभियंत्याने परत केला. 2011 साली जाहीर झालेले दोन भाग एका निवृत्त अभियंत्याने कित्येक वर्षांपूर्वी शाळेच्या जत्रेत विकत घेतले होते. आपण काय घेतलंय याची त्यांना कल्पनाच नव्हती. आणि 1988 साली ‘द आइस वॉरियर्स’चे चार भाग चक्क एंटरप्रायझेसच्याच इमारतीतल्या कपाटात निघाले.

या हिशेबाने एकेका कथेकडे बघा. ‘मार्को पोलो’ दहाहून अधिक देशांत विकली गेली होती, म्हणजे प्रती भरपूर निघाल्या. तरी सातपैकी एकही भाग नाही, पण आशा धरायला जागा आहे. उलट बारा भागांच्या ‘मास्टर प्लॅन’ची फिल्म फक्त ऑस्ट्रेलियाला गेली, तिथल्या सेन्सॉरने हात आखडता घेतला आणि ती कुठेच विकली गेली नाही. नाताळच्या दिवशी दाखवलेला तिचा सातवा भाग तर परदेशी विक्रीच्या संचात नव्हताच. त्याची फिल्म प्रत बहुधा कधी निघालीच नाही. म्हणून कुणी ‘संपूर्ण मास्टर प्लॅन सापडलाय’ असं सांगू लागला की पहिला प्रश्न विचारा: सातवा कशावर सापडला? अफवा पारखायला एवढा एक प्रश्न पुष्कळदा पुरतो.

फिल्मचा जुना डबा हाती आला तर काय करायचं, हेही विचारलं जातं. प्रोजेक्टरवर चढवू नका. हेच सर्वांत महत्त्वाचं. 25 मिनिटांचा भाग म्हणजे सुमारे 285 मीटर फिल्म, त्यामुळे डबा उघडताच लांबीवरून अंदाज येतो. डब्यावरच्या लेबलवर विश्वास ठेवू नका, डबे अदलाबदल होतात. सुती हातमोजे घालून फिल्मची कड धरा, पुढचे काही फूट उजेडापुढे भिंगातून बघा. एका कडेला छिद्रं आणि दुसऱ्या कडेला नागमोडी पट्टा असेल तर ती आवाजासकट प्रत आहे. व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. ही क्रिया स्वतःच स्वतःला वेग देते आणि बाहेर पडणारं आम्ल शेजारच्या फिल्मलाही लागतं, म्हणून असा डबा वेगळा आणि हवेशीर जागी ठेवा. आम्ल मोजायला ए-डी पट्ट्या मिळतात: निळ्याच्या हिरव्या आणि पुढे पिवळ्या झाल्या की घाई करायची. आक्रसणं मोजायचं तर शंभर चौकटी मोजून पट्टीला लावा. चांगल्या फिल्मवर त्या 762 मिलिमीटर भरतात, सात-आठ मिलिमीटर कमी भरल्या म्हणजे एक टक्का आक्रसली आणि यंत्राच्या दात्यांवर छिद्रं फाटणार. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट घरात हे सगळं दुप्पट काळजीने करायचं, कारण उष्णता आणि ओल दोन्ही या कुजण्याला खतपाणी घालतात. हे फक्त विलायती मालिकेला लागू नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’चीही सगळी रिळं आज उरलेली नाहीत. घरात जुनी मराठी फिल्म असेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे.

फिल्म जप्त होईल या भीतीने संग्राहक गप्प बसतात. 1999 साली ‘द क्रूसेड’चा पहिला भाग न्यूझीलंडमधल्या संग्राहकाने उसना दिला, त्यावरून नक्कल करून फिल्म त्याला परत करण्यात आली. हे उदाहरण अशा माणसांपर्यंत जितकं पोचेल तितकं बरं.

आता तोवर काय बघायचं. इथे या मालिकेचं नशीब थोर आहे: हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शाबूत आहे. साठच्या दशकात मुलांनी घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर लावून ते ध्वनिमुद्रित केले. बहुतेकांनी स्पीकरपुढे माइक धरला, त्यामुळे घरातले आवाजही आले. ग्रॅहम स्ट्राँग यांनी मात्र टीव्हीच्या आतल्या आवाजाच्या सर्किटला थेट तार जोडली, म्हणून त्यांच्या टेप सर्वांत स्वच्छ आहेत. (जुन्या टीव्हीच्या सांगाड्यात थेट वीज असू शकते, तेव्हा हा प्रयोग कुणी करू नये.) अशा टेपचा वेग कमी-जास्त होतो. तो दुरुस्त करायची एक सुंदर युक्ती आहे: ध्वनिमुद्रणात मुख्य विजेची घरघर आली असेल तर ती 50 हर्ट्झची असायला हवी. ती 48वर ऐकू आली म्हणजे टेप चार टक्के हळू चालतेय, तेवढी वाढवा, आणि मगच घरघर गाळा. उलट क्रमाने केलं तर मापायला काही उरत नाही.

चित्रांसाठी जॉन क्युरा यांचे टेलिस्नॅप आहेत. हे गृहस्थ प्रसारण चालू असताना घरच्या पडद्याचे फोटो काढून कलाकार-दिग्दर्शकांना विकत. एका भागाचे साठ-सत्तर फोटो, म्हणजे साधारण वीस-पंचवीस सेकंदांना एक. ‘मार्को पोलो’चे फोटो दिग्दर्शक वारिस हुसेन यांनी जपून ठेवले होते. लखनौत जन्मलेले हे दिग्दर्शक मालिकेच्या अगदी पहिल्या कथेचेही दिग्दर्शक. चौथा भाग दुसऱ्याने दिग्दर्शित केला, आणि नेमके त्याचेच फोटो नाहीत. निर्माते जॉन वाइल्स यांच्या काळात क्युरांना कामच दिलं गेलं नाही. म्हणून ‘द मॅसेकर’ ही कथा सर्वांत अंधारात आहे: हलतं चित्र शून्य, टेलिस्नॅप शून्य, फक्त आवाज आणि थोडी छायाचित्रं.

हलत्या चित्रांचे तुकडे सेन्सॉरने दिले आहेत, हे ऐकून नवखे चाहते थक्क होतात. ऑस्ट्रेलियात जे दृश्य भयंकर वाटलं ते कापून सरकारी दप्तरात जमा झालं, आणि 1996 साली ते तुकडे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले. भाग गेले, कापलेलं तेवढं राहिलं. म्हणून ‘फ्युरी फ्रॉम द डीप’मधले भीतीदायक क्षणच आपल्याला आज हलताना दिसतात.

या तिन्ही गोष्टी जोडून चाहत्यांनी पुनर्रचना केल्या. काम असं चालतं: आवाज पायाशी, कॅमेरा पटकथेवरून प्रत्येक शॉट कुठे सुरू होतो त्याची नोंद, त्यावर टेलिस्नॅप आणि जिथे संवादच नाहीत तिथे खाली मजकूर. अडतं ते शेवटच्या ठिकाणीच. एखादा मारामारीचा प्रसंग दोन मिनिटं नुसत्या धडपडीच्या आवाजात चालतो आणि हाती फोटो असतात चार-पाच. ॲनिमेशन ती अडचण सोडवतं. 2006 साली ‘द इन्व्हेजन’च्या दोन भागांपासून बीबीसीने ते सुरू केलं आणि 2016 साली ‘द पॉवर ऑफ द डॅलेक्स’चे सहाही भाग तसे आले. तरी माझं मत असं की ॲनिमेशनने ट्रॉटनचा चेहरा हरवतो. त्याचा अर्धा अभिनय भुवया आणि हातांत आहे, तो टेलिस्नॅपच्या एका स्थिर फोटोत जास्त दिसतो.

सापडलेल्या फिल्मचा दर्जा बघताना आणखी एक गोष्ट कळायला हवी. टेपवर सेकंदाला 50 अर्धचित्रं होती, फिल्मवर 25 पूर्ण चित्रं उरली, म्हणून हालचाल सिनेमासारखी अडखळती वाटते. व्हिडफायर या प्रक्रियेत मधली चित्रं गणिताने काढून मूळची ओघवती हालचाल परत आणतात. पण स्टुडिओबाहेरची दृश्यं मुळातच फिल्मवर घेतलेली होती, तिथे ती लावायची नसते. सगळीकडे सारखीच मऊ हालचाल दिसली तर कुणीतरी आंधळेपणाने यंत्र चालवलंय असं समजा.

सुरुवात कुठून करायची? ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ आणि ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ या पूर्ण मिळालेल्या कथा आधी बघा, म्हणजे ट्रॉटनचा आवाज आणि लकब कानात बसते. मग ‘फ्युरी फ्रॉम द डीप’ टेलिस्नॅपसह. त्यानंतर ‘द क्रूसेड’: पहिला आणि तिसरा भाग चित्रासह आहे, दुसरा आणि चौथा ऐकायचा, त्यामुळे ऐकण्याची सवय आपोआप लागते. ‘मार्को पोलो’ याच्या पुढे. ‘द मॅसेकर’ सर्वांत शेवटी, पटकथा समोर ठेवून, हेडफोन लावून, एका दिवशी एकच भाग. त्यात हार्टनेल दोन भूमिका करतो, आणि त्या ओळखायला आवाजाशिवाय दुसरं काही हाताशी नाही.